वजन आल्यावर

इस्माईल हुसेन परकार, तुमच्या हयातीत मी तुम्हाला या पूर्ण नावाने कधीही संबोधले नाही. इथे आखातात, शुवैखच्या गॅरेजांच्या वस्तीत, सगळे तुम्हाला उस्ताद म्हणत, आणि मीही तेच म्हणत असे. आज जे सांगायचे आहे ते मात्र पूर्ण नावानिशी सांगावे, असे वाटते.

माझी पत्नी गेल्याला आठ महिने झाले. ती आजारी असताना तिला आमच्या त्याच जुन्या, दोन दारांच्या अमेरिकन गाडीतून तपासणीला नेत असे. दुसऱ्या गाडीत बसायला ती तयार नसे. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसून सपाट झाले होते आणि प्रत्येक गतिरोधकावर तिची पाठ दुखे. ती रुग्णालयात दाखल झाली त्या आठवड्यात मी शुवैखमध्ये गाडीखाली उतरून काम करायला खड्डा असलेला एक गाळा भाड्याने घेतला आणि नवे पाटे बसवायला घेतले. सगळे काम झाले. पाट्यांच्या टोकांचे बोल्ट तेवढे हाताने फिरवून सैल ठेवले, कारण ते आवळताना मागच्या आसनावर तिने बसायचे होते. ती परतली नाही. गाडी तशीच, चाके अधांतरी, लोखंडी घोड्यांवर उभी राहिली. आता गाळा रिकामा करून द्यायचा होता. सैल बोल्टांची गाडी हलवता येईना, आणि ते आवळायला माझा हात धजेना.

मागच्या आसनाची ही पद्धत तुमची. त्याआधी मी केलेली चूक तुम्हाला आठवत असेल. मी रुग्णालयातील यंत्रे दुरुस्त करणारा पदवीधर, शुक्रवारच्या सुट्टीत हौसेने तुमच्या गॅरेजमध्ये काम शिकायला येणारा. पहिल्यांदा पाटे बदलले तेव्हा चाके हवेत लोंबकळत असतानाच मी सर्व ताकदीने बोल्ट आवळले. गाडी खाली आली, पाटे वाकले आणि त्यांच्या टोकांत जखडलेली रबरी बुशे पिळली गेली. महिन्याभरात ती फाटली. तुम्ही फाटलेले बुश माझ्या तळहातावर ठेवलेत. "इंजिनियर साहेब, गाडी हवेत चालवनार हाय काय? जमिनीवर चालवायची ना? मग वजन येऊ दे तिच्यावर, मग आवळ."

तो शुक्रवार मला अजून दिसतो. गाडी चाकांवर उभी आहे, पत्नी चहाचा थर्मास घेऊन आली आहे आणि तुम्ही तिला म्हणता, "वहिनी, जरा मागे बसा."

"भाई, मला वजन म्हणून बसवताय?"

"तुमचं वजन नसंल तर ह्यो इंजिनियर सरळ चालतो काय?"

ती इतकी हसते की गाडी हलते. तुम्ही खड्ड्यातून ओरडता, "हलू नका, वहिनी!" आणि ती आणखी हसते. पुढे तुम्ही गेलात, तरी गाडीखाली कोणतेही काम निघाले की ती आपणहून मागे जाऊन बसे.

काल मी एगैलाला राहणाऱ्या मुलीला बोलावून घेतले. गाडी राईच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात नेऊन विकून टाका, असे ती बरेच दिवस सांगत होती. मी गाडी चाकांवर उतरवली आणि तिला मागे बसायला सांगितले.

"व्हाय मी?"

"वजन लागते."

"एक्सक्यूज मी, बाबा?" असे म्हणत ती बसली. मी पाना घेऊन खड्ड्यात उतरलो. डावीकडचे बोल्ट आवळून झाले तेव्हा वरून आवाज आला. "बाबा, फोनवर लिहिलंय, गाडीचं स्वतःचं वजन पुरतं. कुणी बसायची गरज नाही."

"ठाऊक आहे."

"सिन्स व्हेन?"

"तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून."

दार उघडल्याचा आवाज येईल म्हणून मी थांबलो. तो आला नाही. मी उजवीकडचे बोल्ट आवळले. शेवटच्या बोल्टाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. वरून, अगदी हळू, तिने मराठीत विचारले, "आई इथेच बसायची?" मी हो म्हणालो. गाडी विकण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

उस्ताद, तुमच्या पाटीवरचे शुद्धलेखनसुद्धा मी दुरुस्त करायला लावले होते. गाडीचे स्वतःचे वजन पुरते, ही एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ठाऊक असून मी तुम्हाला सांगितली नाही. ती मागे बसून हसत होती, म्हणून. तुम्हालाही ते ठाऊक असावे, असे आता वाटते.

हे पत्र गाडीच्या कप्प्यात, वाहनाच्या कागदांखाली ठेवत आहे. काल काम झाल्यावर मुलीने गाडी बाहेर काढली. मी शटर ओढले, कुलूप लावले, ते दोनदा ओढून पाहिले आणि किल्ल्या इमारतीच्या हारिसच्या, म्हणजे रखवालदाराच्या, हाती परत केल्या.