होडीचा दांडा

प्रिय एमील,

फोन तू मध्येच ठेवून देतोस, म्हणून लिहिते. मी तिसरीपर्यंतच शिकले, तेव्हा अक्षर लावून वाच, पण शेवटपर्यंत वाच.

नवं इंजिन आलं. होडी क्लोव्हिसकाकाकडेच दिली आहे. त्याचा हात लागू द्यायचा नाही असं तू म्हणाला होतास. पण इथे पाणथळीत दुसरा कोण आहे, तूच सांग. बदकांचा हंगाम दोन आठवड्यांवर आलाय आणि होडी वळवायला काय बसवायचं तेच ठरेना. काकाने मला तिन्ही प्रकार समजावून सांगितले, जशी काही मी तीस वर्षं होडीत नुसती भाताचं पातेलं धरून बसले होते. इंजिनालाच दांडा असला की मागे बसून हाताने वळवायचं, बिघडण्यासारखं काही नाही. पण वजन मागे पडतं, नाक वर येतं, समोरचं दिसत नाही. कडेला उभी काठी लावली तर मधे बसता येतं, पण तिच्या तारा खाऱ्या पाण्यात गंजतात. तुला हवंय ते चाक लावलं, तर चौदा फुटांच्या होडीत पाण्यावर सोडायची लाकडी फसवी बदकं कुठे ठेवायची आणि पिस्ताश कुठे बसणार? कुत्रीला मांडीवर घेऊन शिकार करायची का, असं मी विचारलं. तो हसला नाही. पूर्वी हसला असता.

म्हणाला, "वहिनी, एमीलला हवंय तर चाकच बसवतो. आणि तो येईल तेव्हा मी घरातच थांबेन."

पापांना माती दिली त्या दिवशी तू सगळ्यांसमोर त्याला विचारलंस, "दोरी मनगटाला होती, मग इंजिन बंद का नाही पडलं? दुरुस्त कोणी केलं होतं?" मला वाटतं, आता त्यालाही आपल्याच दुरुस्तीत चूक होती असं वाटतं. जानेवारीपासून तो कुणाच्या इंजिनाला हात लावत नाही. कोणी आलं की शहरात न्या म्हणतो. आमचं हे पहिलंच, तेही मी दारात बसून राहिले म्हणून.

मला रडू येत नाही. शेजारणी म्हणतात, रडून घे एकदा. मी भांडी घासते. परवा गंबोचा रस्सा केला, भात दोघांचा लावला, उरलेला पिस्ताशला घातला. बस.

आता ऐक. पापा गेले त्याच्या आदल्या दुपारी खेकड्यांचे पिंजरे काढायला होडी मी नेली होती. त्या लाल दोरीचं एक टोक मनगटाला, दुसऱ्या टोकाचा चाप इंजिनाच्या बटणाखाली. माणूस पडला की चाप निघतो, इंजिन थांबतं. पिंजरा ओढायला वाकले की दर वेळी तो निघायचा. चारदा इंजिन बंद पडल्यावर मी वैतागले. डब्यात जादा चाप होता, तो बटणाखाली बसवला आणि दोरीचं टोक शेजारी खोचून दिलं, म्हणजे दोरी निघाली तरी इंजिन चालूच. इथे सगळेच करतात. घरी आल्यावर काढायचा विसरले. पहाटे पापांनी अंधारात सवयीने दोरी मनगटात घातली. होडी पाण्यातल्या बुंध्यावर आपटली, ते बाहेर फेकले गेले. क्लोव्हिसला सापडले तेव्हा होडी त्यांच्याभोवती गोल गोल फिरत होती आणि पिस्ताश आत बसलेली होती. होडी धक्क्याला लागली, सगळे पापांकडे धावले. मी तेवढ्यात तो चाप काढून खिशात टाकला. नऊ महिने तो पिठाच्या डब्यामागे होता.

क्लोव्हिसला मी दांडाच बसव म्हणून सांगितलंय. पापांच्या इंजिनालाही दांडाच होता, पण दांड्याने काही केलं नाही, त्याच्या दुरुस्तीनेही काही केलं नाही. हे पत्र टाकून तशीच त्याच्याकडे जाणार आहे आणि त्याच्या तोंडावर हेच सांगणार आहे. तुला आधी लिहिलं, कारण सगळ्यांसमोर बोललास तू, आणि मी ऐकत उभी राहिले. चाप या लिफाफ्यात आहे. यायचं की नाही ते तू ठरव. आलास तर आधी त्याच्या दारात जा. माझ्याकडे नंतर आलास तरी चालेल, नाही आलास तरी.

तुझीच,
ममा