आईंचे गुडघे आणि आफ्रिका

ती. सौ. थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार.

देवाच्या कृपेने इकडे सगळे खाऊनपिऊन बरे आहेत. तुमचा रक्तदाब, भावोजींची पाठ आणि तिसऱ्या मजल्यावर चढणारं (किंवा न चढणारं) नळाचं पाणी या तिन्ही गोष्टी ताळ्यावर असतील अशी आशा करते. काल दुपारी तुमचं पुडकं पोचलं. आतले जिन्नस मी लगेच वहीत टिपले, ते असे: आईंसाठी लोकरी शाल एक, रुपये पस्तीस (बाजारात तीसला मिळाली असती, पण तुम्हाला घासाघीस करायची लाज वाटते), रबरी तळाचे कापडी बूट एक जोड, बारा, लिमलेटच्या गोळ्या पाव किलो, दोन (त्यातल्या निम्म्या वाटेत पाघळून शालीला चिकटल्या होत्या, कोमट पाण्याने निघाल्या), आणि आईंच्या नावाचं तुमच्या गावचं आगगाडीचं तिकीट एक, एकवीस. गाडी पुढच्या महिन्याच्या पाच तारखेची. पुडक्यावर टपालाची तिकिटं कमी पडली म्हणून पोस्टमनने माझ्याकडून सव्वा रुपया घेतला, तो मी धरलेला नाही.

सोबतच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंय की झाडाच्या औषधाने आईंचे गुडघे ठणठणीत झाल्याचं तुमच्या कानावर आलं, आणि ठरल्याप्रमाणे आता त्यांना तुमच्याकडे पाठवावं. ठरलं होतं हे खरंच. तुमच्या जिन्याच्या पायऱ्या चौपन्न, आमचं घर तळमजल्यावर, तेव्हा गुडघे बरे होईपर्यंत सासूबाई धाकट्याकडे आणि बरे झाल्यावर थोरल्याकडे, असं तीन वर्षांपूर्वी आपण चौघांनी बसून ठरवलं. मी शब्द फिरवणारी नाही. पण तुमच्या कानावर जे आलं ते कुठून आलं आणि का आलं, हे कळण्यासाठी तुम्हाला झाडाची हकीकत मुळापासून कळायला हवी, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. (कागद दोन्ही बाजूंनी लिहिला आहे. उलटून पाहा.)

झाड आणलं ते आईंच्या मनाविरुद्ध. तुम्हाला माहीतच आहे, मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं मुख्याध्यापिका म्हणून काढलेल्या बाईला कुणी पाल्याचं औषध सांगितलं तर ती आधी सांगणाऱ्याचं शिक्षण विचारते. पण डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट बिघडलं, मालिशवाल्या बाईने हाड सरकवलं, तेव्हा मी देवापुढे हात जोडले आणि रोपवाटिकेत गेले. तिथला माळी म्हणाला, बाई, हे रोप आफ्रिकेतल्या दोन झाडांचा संकर आहे. आई डोंगरावरची, गुणाची पण खुरटी, वीस वर्षांत कमरेएवढी होत नाही. बाप नदीकाठचा, ताडमाड वाढतो पण औषधाला शून्य. लेकराने आईचा गुण घेतला आणि बापाची उंची. घरी येऊन मी हे आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अशी स्थळं मी पुष्कळ पाहिलीत. सांगतात असं, आणि निघतं बापाच्या गुणाचं आणि आईच्या उंचीचं." झाडाला एक लांबलचक नावही होतं, पण ते माळ्यालाही दुसऱ्यांदा सांगता आलं नाही, म्हणून आम्ही त्याला नुसतं आफ्रिका म्हणतो. (आमच्या अंगणातून रोज सकाळी "आफ्रिकेला पाणी घातलं का?" असं ओरडणं ऐकू येतं, त्यामुळे माडीवरचे नवीन भाडेकरू आमच्याशी जरा जपूनच असतात.)

पहिले पाच आठवडे आफ्रिका म्हणजे डब्यात उभी केलेली एक काठी होती. यांना ती काठीच वाटली. एका सकाळी धुतलेला सदरा यांनी तिच्यावर वाळत घातला, तो दोन दिवस तसाच राहिला, आणि मी काढायला गेले तर कॉलरशेजारून एक पान बाहेर डोकावत होतं. एवढंसं, करकरीत हिरवं, जणू सदऱ्यालाच फुटलेलं! मी तिथेच हात जोडले. आई खिडकीतून म्हणाल्या, "सदरा काढ आधी, मग हात जोड." त्या दिवसापासून मात्र त्यांची खुर्ची खिडकीशी गेली ती गेलीच. डब्यातून जमिनीत, जमिनीतून खिडकीपर्यंत, खिडकीतून माडीच्या कठड्यापर्यंत. दर पहिल्या तारखेला आई मला शिवणाची टेप घेऊन बाहेर पाठवायच्या आणि आतून आकडा विचारायच्या. कीड नाही, रोग नाही, बकरी तोंड लावत नाही. कमी पाण्यावर खूश, जास्त पाण्यावरही खूश. जाऊबाई, असा स्वभाव माणसात मी पाहिलेला नाही.

औषध करायची रीत माळ्याने दिलेल्या कागदावर होती. कोवळी पानं चाळीस ग्रॅम, ठेचून, गरम तेलात कालवून गुडघ्यावर बांधायची. आता चाळीस म्हणजे चाळीस. अंदाजपंचे मला चालत नाही, आणि ज्या घरातला कर्ता वजनकाटे दुरुस्त करतो त्या घरात अंदाजपंचे का चालावं? यांनी दुकानातून दुरुस्तीला आलेला सोनाराचा काटा आणला आणि त्यावर पानं तोलली. रोज तोलली. पानांचा चीक पितळेवर असा बसला की सोनार काटा न्यायला आला तेव्हा दोन्ही पारडी पोपटी झालेली. यांनी चिंच लावली, लिंबू लावलं, राख लावली, काही उपयोग नाही. सोनार लालबुंद झाला. पण उठताना त्याने कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हटलं, तेवढं आमच्या आईंनी ऐकलं. चाळीस ग्रॅम बांधून दिले. आठवड्याने तो स्वतः येऊन आणखी घेऊन गेला आणि काट्याचा विषय निघाला नाही.

पारड्यांचं जे झालं तेच गुडघ्यांचं. तिसऱ्या दिवशी आईंचे दोन्ही गुडघे कच्च्या कैरीसारखे हिरवे! साबणाने जाईना, दगडाने जाईना. नेमके त्याच दिवशी डॉक्टर पोट पाहायला आले, आणि त्यांची नजर खाली गेली. बिचारे खुर्चीतच बसले. किती दिवस झाले, ताप आहे का, बधिर वाटतं का, एकामागून एक सुरू. आई म्हणाल्या, "डॉक्टर, रंगावर जाऊ नका. वळतो की नाही ते पाहा." आणि त्यांनी गुडघा वळवून दाखवला. वर्षभरात पहिल्यांदा! डॉक्टरांनी चष्मा पुसला, पुन्हा वळवायला सांगितला, आणि जाताना पानं मागितली. (स्वतःसाठी. त्यांनी फी घेतली नाही, मीही पानांचे घेतले नाहीत.)

इथपर्यंत सगळं देवाने केलं. पुढचं मी केलं. सहा घरांतून रोपांची मागणी आली. माळ्याकडून सहा रोपं आणायची तर केवढ्याला पडली असती! आफ्रिकेला शेंगा आल्या होत्या, बी फुकट होतं, मी बी लावलं आणि सहा डबे वाटले. माळ्याच्या कागदावर शेवटच्या ओळीत "फांदीच लावावी, बी लावू नये" असं होतं, पण त्या ओळीवर मी तेलाची बाटली ठेवत असे. संकराचं बी आईबापांसारखं निघत नाही म्हणे. सहांतलं एक आजीवर गेलं आणि विटेएवढं राहिलं. एकाला काटे आले, ते कुणावर गेलं देव जाणे. आणि कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचं गेलं आजोबांवर. दीड वर्षात छपराबाहेर! पानाला औषधाचा वासही नाही, नुसती उंची. फांदीने त्यांच्या पत्र्याचे दोन खिळे उचकटले. त्या दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्या झाडाचं पोर माझ्या छपरावर बसलंय, उतरवा त्याला!" आई आतून म्हणाल्या, "आईबाप चांगले म्हणून पोरं तशीच निघतील, ही हमी कुणी दिली? माझे दोन बघा." (हे तुम्हाला लिहायला नको होतं. पण भावोजी एकटे नाहीत, आमचे हेही त्यात आले.)

तर या शिंपीणबाईंची सख्खी बहीण तुमच्या गल्लीत राहते. आता कळलं ना, तुमच्या कानावर कुठून आलं? पत्रा यांनी ठोकून दिला, पण बाईंचा राग गेला नाही.

गुडघ्यांविषयी मी तुम्हाला दर पत्रात "तसेच आहेत" असं कळवत आले आहे. झाडाला मी वाईट म्हणणार नाही, ते पाप होईल. झाड उत्तम आहे. गुडघ्यांचं म्हणाल तर वय एकाहत्तर, हवा दमट, आणि शेवटी सगळं देवाच्या हाती. पाच तारीख फार जवळ आहे एवढंच मला वाटतं. भावोजींना नमस्कार. शाल फार मऊ आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. सही केल्यावर देवापुढे दिवा लावायला गेले आणि न लावताच परत आले, म्हणून खरं लिहिते. गेल्या उन्हाळ्यात मी देवळातल्या प्रार्थनेहून अर्धा तास लवकर परतले. अंगणात आईंची काठी भिंतीला टेकलेली, आणि आई झाडावर! दुसऱ्या फांदीवर, पदर खोचून, ओच्यात पानं. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. त्या शांतपणे उतरल्या (शेवटची दोन हात उंची उडी मारून), ओचा सोडला, काठी घेतली आणि लंगडत घरात गेल्या. मी मागोमाग जाऊन विचारलं, "आई, गुडघे कसे आहेत?" म्हणाल्या, "तसेच आहेत." मग मीही तुम्हाला तेच लिहिलं. त्या लंगडतात आणि मी पट्ट्या बांधते, असं आता दहा महिने चाललंय.

ता. क. २. मागायचं होतं ते हे. त्यांना नेऊ नका. लग्न होऊन आले तेव्हा मी सातवी पास होते. सव्विसाव्या वर्षी, कडेवर पोर असताना, त्यांनी मला मॅट्रिकला बसवलं. गणितात दोनदा आपटले, तिसऱ्यांदा आई परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर तीन तास उभ्या राहिल्या. (गुडघ्यांची सुरुवात मला वाटतं तिथूनच झाली. त्या नाही म्हणतात.) आमचं दिवसभर वाजतं, मिठावरून, दुधावरून, माझ्या वहीतल्या बेरजांवरून. पण हे दुकानात गेल्यावर या घरात माझ्याशी भांडायला दुसरं आहे कोण? तेव्हा कृपा करून आईंना असं पत्र घाला की तुमचा जिना दुरुस्तीला काढलाय आणि वर्षभर तरी होत नाही. मीच लिहिलं असतं, पण मला खोटं वर्ज्य आहे. तुम्ही कचेरीत नोकरी करता, तुम्हाला सवय असेल.

ता. क. ३. थोरल्या सुनेस आशीर्वाद. हे अक्षर माझं आहे. ही पाकिटाला डिंक आणायला गेली तेवढ्यात पत्र वाचलं. जिना दुरुस्तीला काढू नकोस. खोटं बोलायचं तर छोटं बोलावं, गवंडी कुठाय असं कुणीही विचारतं. गुडघे उत्तम आहेत. मी लंगडत होते, कारण बरं झालेल्या माणसाला लोक गाडीत बसवून देतात. तू वाईट नाहीस. पण तुम्ही दोघं नवाला बाहेर पडता ते सहाला येता, आणि तुझ्या घरात माझी एकही चूक काढायला कुणी नसतं. पाच तारखेला मी येते, आठ दिवसांसाठी. आठ म्हणजे आठ. त्यापुढे हिची बेरीज कोण तपासणार? मान्य असेल तर उलट टपाली कळव, आणि उत्तर माझ्या नावावर घाल. हिच्या नावावर आलं की मला डिंकाची वाट पाहावी लागते.