परत केलेलं कणीस

आई,

धडगावच्या डोंगरांवर सकाळपासून धुकं आहे. मक्याची सळसळ तेवढी ऐकू येते, आणि तू अंगणात उभी आहेस असं वाटत राहतं.

आठ वर्षांपूर्वी तू तशीच आली होतीस. नव्या पिकाच्या सणाला, नवाईला, तुझ्या देवापुढे ठेवलेलं पहिलं कणीस नातीसाठी, माझ्या रविनासाठी, पदराखाली आणलं होतंस. आम्ही नुकतेच ख्रिस्ती झालो होतो. घरात चर्चच्या मंडळीतल्या बायका बसल्या होत्या, म्हणून मी ते दारातूनच परत केलं. कारण मात्र देवाचं सांगितलं. तू पुन्हा आली नाहीस.

त्याच वर्षी संडे स्कूलमध्ये मी बायबलमधला प्रथमफळाचा, पहिलं पीक देवाला वाहण्याचा धडा शिकवला. तेव्हा पाच वर्षांच्या असलेल्या रविनाने कणसाचं चित्र पिवळंधमक रंगवलं होतं. काल तोच धडा पुन्हा घेतला, तर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आजीपण नवं पीक आधी देवाला देते ना? तिला हे कोणी शिकवलं?"

तो प्रश्न घेऊनच मी घरी आले आणि आज हे लिहायला बसले.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुला वाचता येत नाही, आणि कणीस मागायचं तर हातच पुढे करावा लागतो. उद्या आम्ही दोघी येतो.

तुझी,
जमनी