पंधरा तूमांची पट्टी

११ जून
स्वस्ति श्री! हाउकिलाम्पी-सरोवर-तटाधिपती, भूर्जवृक्ष-कुल-कृतान्त, सौना-बाष्प-पावन, ग्राममार्ग-समितीचे द्विवार-निर्वाचित (दोन्ही वेळा प्रतिस्पर्धी-विरहित) उपाध्यक्ष, श्रीमंत एन्सियो केम्पाइनेन महाराज यांच्या चेनसॉची पट्टी आज दुपारी वाकली!

वृत्तान्त असा. वादळाने एक महाकाय स्प्रूसवृक्ष सौनाकडे, म्हणजे आमच्या बाष्पस्नानगृहाकडे, जाणाऱ्या रस्त्यावर आडवा केला. आम्ही शस्त्र उपसले. निम्म्यावर खोडाची चीर मिटली, साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी आत अडकली. आम्ही ओढली — ती धनुष्याकार झाली. साखळी तुटली, ते निराळेच.

वीस तारखेला, मध्यग्रीष्माच्या सणाला, वृद्धाश्रमातून बाबा येणार. हिवाळ्यातल्या झटक्यानंतर उजवा हात निर्जीव, वाचा अर्धी. डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या, "पुढचा उन्हाळा धरून चालू नका." बाबांनी फोनवर एकच शब्द उच्चारला — "सौना." गाडी तिथवर गेलीच पाहिजे.

१२ जून
नवी पट्टी मागताच दुकानदारीण राउहाबाईंनी विचारले, "तूमा किती?" आमच्याकडे इंचाला तूमा म्हणतात; विचारालाही तूमाच. "पंधरा!" आम्ही उद्घोषिले. या गावात कोणताही स्वाभिमानी पुरुष पट्टी पंधराच्या खाली सांगत नाही.

१३ जून
बसली नाही. आम्ही शेपटापासून मोजली होती. यंत्राच्या पोटात दडलेला भाग म्हणे वगळायचा असतो. उरतात तेरा.
राउहाबाई, दुकानभर ऐकू जाईल अशा स्वरात: "एन्सियो, तुझ्याकडे तूमा भरपूर रे, पण कामाचा एक नाही!" रांग हसली. आम्हीही हसलो — राजनैतिक हास्य.

१४ जून
पट्टी तेराची, योग्य. साखळी मात्र तिच्या खाचेत डुगडुगते! खाच रुंद, साखळीचे दात बारीक. लांबी, जाडी, कड्यांमधले अंतर — सगळी पत्रिका जुळल्यावाचून हा विवाह संपन्न होणे नाही.

१६ जून
इर्मेली (आमची अर्धांगिनी, व्यवहारी अर्धे तेच): "यंत्रच उचलून ने ना राउहाकडे. ती बघून देईल."
"वीर पुरुष शस्त्र तपासायला दुकानात देत नसतो."
"मग भिंतीवरची हातकरवत घे."
"ती अलंकार आहे."
"मग अलंकार घालून बस!"

१७ जून
आज वाक्य सजवण्याचे त्राण नाही. नव्या साखळीत दोन कड्या जास्त. हरामखोर साखळी!

१८ जून
वृद्धाश्रमातून परिचारिकेचा फोन. "केम्पाइनेनकाका सकाळपासून टॉवेल मांडीवर घेऊन दाराशी बसलेत. परवा आहे म्हटलं, तरी उठत नाहीत. येताय ना नक्की?"
"येतो," म्हणालो.
मग कुऱ्हाड घेऊन गेलो. सायंकाळपर्यंत खोडाला ओरखडा, तळहाताला फोड. त्या झाडाशी मी मोठ्याने भांडलो. आम्ही नव्हे. मी.

१९ जून
यंत्र उचलून राउहाबाईंकडे नेले. त्यांनी पाहिले, फळीवरून साखळी काढली, बसवली. "हे पहिल्या दिवशी आणलं असतंस तर?"
कड्या जुळल्या. जाडी जुळली. उद्या पहाटे रणप्रस्थान!

२० जून
इर्मेली सकाळी "साय आणते" म्हणून गाडी घेऊन गेली. मी झाडापाशी धुरात खोकत होतो, तेव्हा पाण्यावरून हाक आली. नावेत बाबा! पलीकडच्या धक्क्यापर्यंत गाडी, तिथून वल्ही इर्मेलीच्या हातात.
"रस्त्याचं काय घेऊन बसलास?" ती ओरडली. "सौना पाण्याकाठीच आहे की!"
मी बाबांची पाठ चोळली. केवढीशी झाली आहे. डाव्या हाताने त्यांनी स्वतः तापल्या दगडांवर पाणी ओतले. डोळे मिटले. मग म्हणाले, "अजून."

झाड जिथल्या तिथे. नव्या पट्टीचे तेलाचे छिद्र यंत्राच्या छिद्रासमोर येतच नाही; साखळी कोरडी फिरते, धूर सोडते. आणि सणामुळे दुकान सोमवारपर्यंत बंद!