शंभरातला एखादा

तांडा, साखरा,
ता. सेनगाव, जि. हिंगोली
१२ फेब्रुवारी २०२५

चि. देविदास यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे वेळेवर जेवतो आणि कामाला जातो. तुझी तब्येत बरी असेल. पुण्यात थंडी ओसरली का? इकडे सकाळी अजून शेकोटी लागते आणि दुपारी ऊन डोक्यावर बसतं.

पत्र बघून हसशील. गोरेगावच्या पोस्टातल्या माणसानंही विचारलं, नोकरीचा अर्ज आहे का म्हणून. भावाला लिहितेय म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं जरा काळजीनंच पाहिलं. पण काय करू? माझा मेसेज तू वाचलास की नाही हे मला कळू नये, अशी सोय तू करून ठेवली आहेस. त्यात माझी खोड तुला माहीत आहे. मी लिहिते, पाठवते आणि मग घाबरून पुसून टाकते. वर्षभर तुझ्या फोनवर माझ्या नावापुढं 'हा मेसेज काढून टाकला आहे' एवढंच येत असेल. पत्र पेटीत पडलं की परत घेता येत नाही, म्हणून पत्र.

तूर झाली, यंदा बरी झाली. हरभरा उभा आहे. शेळीला दोन पिल्लं झाली, दोन्ही काळी. संतराम काकांनी मोतीबिंदू काढला आणि आता ते सगळ्यांना तू किती काळवंडलास, तू किती वाळलास असं सांगत फिरतात. शेजारची लक्ष्मीबाई तुझी चौकशी करते.

तुझं लिखाण वाचते. तू इंटरनेटवर टाकतोस ते सगळं वाचते. लोकांनी लिहिलेलं, गायलेलं न विचारता यंत्राला शिकवलं ते चूक की बरोबर. एका मेलवर हजारो पोरांना घरी बसवणारे मालक. फोन आपलं बोलणं ऐकतो का. खाली लोक टाळ्यांची चित्रं टाकतात. एकदा मीही टाकली होती, तू पाहिली नसशील.

त्यातलं बरंचसं पटतं. 'होय'चं बटण मोठं आणि हिरवं ठेवायचं, 'नाही' असा शब्दच ठेवायचा नाही, त्याऐवजी फिक्या अक्षरांत 'नंतर बघू' लिहायचं, याला तू लबाडी म्हणालास. माझा अंगठा रोज त्या हिरव्यावर पडतो, म्हणून मला ते लगेच कळलं. पण मागच्या महिन्यात तू लिहिलंस की सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी कधीतरी वापरणाऱ्यांच्या घरी जाऊन बसलं पाहिजे. ते वाचून मी फोन पालथा ठेवला. अरे, तू तर त्या घरातच जन्मलास.

हे असं तोंडातून निघतं म्हणूनच मी मेसेज पुसत होते.

देविदास, तुला बापूंचा फोन आठवतो का? म्हणजे बापूंकडं फोन नसतानाचा बापूंचा फोन. कधी जीपवाल्याच्या नंबरावरून, कधी खताच्या दुकानातून, कधी सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरणाऱ्या कुणाच्या. त्यांना एकच नंबर पाठ होता, माझा. मी काडीमोड घेऊन माहेरी परत आले तेव्हा त्यांनी तो भजनासारखा घोकला होता. पलीकडून नाव सांगायचं नाही, हॅलो म्हणायचं नाही, एकदम सुरू. मी सेनगावात हाय, उशीर होईल, तुझ्या याडीला जेवून घे म्हनावं. अनोळखी नंबर वाजला की याडी चुलीपासूनच म्हणायची, तुझे बापू बघ. आपल्याकडं अनोळखी नंबर म्हणजे घरचं माणूस.

मग लक्ष्मीबाईला बँकेतून बोलतो म्हणून कुणीतरी फसवलं. तिचं बचतीचं खातं धुऊन निघालं. तू त्या वेळी सुट्टीवर होतास. ती ओट्यावर बसून रडत होती आणि तू खाली मान घालून ऐकत होतास. तिथूनच तुला ते सुचलं, हे मला माहीत आहे. तुझ्या मनात वाईट काही नव्हतं. हे मी याडीच्या गळ्याची शपथ घेऊन सांगेन.

मागच्याच्या मागच्या दिवाळीला तू ते तयार करून आलास. नाव सेव्ह नसेल तर फोन वाजणारच नाही, हूं की चूं करणार नाही, गुपचूप बाजूला जाऊन पडेल. तुझी स्वतःची कल्पना, आणि कंपनीनं ती सगळ्यांच्या फोनवर आधीपासूनच चालू ठेवायची ठरवली होती. माझ्या फोनवर तू स्वतःच्या हातानं घातलंस. जेवताना सांगत होतास की मीटिंगमध्ये एका बाईनं विचारलं, कुणाला अडचणीत दुसऱ्याच्या फोनवरून घरी लावायचा असेल तर? आणि तू तिला म्हणालास, असा शंभरात एखादा, त्याच्यासाठी बाकीच्यांना काहून तकलीफ द्यायची. तुझे साहेब खूश झाले होते.

बापू भाकरी मोडत होते. त्यांनी विचारलं, "मंग त्या एखाद्याचं काय करता तुमी?"

तू म्हणालास, तो मेसेज टाकेल. बापू हसले. त्यांना लिहिता येत नव्हतं, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मीही हसले. तू त्यांच्यासाठी नवा फोन आणला होतास, तेव्हा मलाही वाटलं, आता काय प्रश्न उरला. बापूंनी तो फोन याडीच्या जुन्या ओढणीत गुंडाळून पेटीत ठेवला. लेकानं आणलेली वस्तू धुळीत कशी न्यायची, म्हणत.

आता पुढचं तुला ठाऊक आहे आणि मलाही. पण आपण दोघांनी ते एकमेकांना कधी सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी बापू कासरा आणायला गोरेगावला गेले. इस्माईलभाईंच्या गाद्यांच्या दुकानात नेहमीसारखे टेकले आणि छातीत कळ आली. इस्माईलभाईंनी त्यांना अर्धवट भरलेल्या गादीवर निजवलं आणि जीप थांबवली. औंढ्याला निघालेली होती, गच्च भरलेली, तरी लोकांनी उतरून जागा केली. बापू बसेनात. "निलमला सांगितल्याबिगर मी हालत न्हाई, तिची माय वाट बघंल," म्हणून अडून बसले. इस्माईलभाईंनी माझा नंबर लावला. परत लावला. जीपवाल्यानं त्याच्या फोनवरून लावला. चहावाल्यानं लावला. रिंग जात होती. जीप शेवटी निघून गेली. दुसरी, सेनगावची, मिळेपर्यंत बापूंची शुद्ध हरपली होती, तेव्हा कुठं त्यांना उचलून घालता आलं. लवकर पोचले असते तर वाचले असते का, हे सेनगावच्या डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. मी तो प्रश्न पुन्हा कुणाला विचारला नाही.

त्या वेळी फोन माझ्या हातात होता. चार्जिंगला नव्हता, बंद नव्हता, हातातच होता. मी ओट्यावर बसून तुझंच वाचत होते.

याडीनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, फोन बंद पडला होता. तू मातीला आलास त्या संध्याकाळी बाजेवर माझा फोन घेऊन बसला होतास. मला वाटलं, नातेवाइकांना कळवतोयस. सकाळी तातडीचं काम म्हणून निघालास, दहाव्यालाही थांबला नाहीस. पुढं काही दिवसांनी एका कर्जवाल्याचा फोन आला आणि तो मोठ्यानं वाजला. नाव सेव्ह नसलेला नंबर, आणि वाजला. तेव्हा कळलं की बाजेवर बसून तू ते बंद करून गेला होतास. म्हणजे गुपचूप बाजूला पडलेले ते सगळे फोन तुला दिसले होते. आणि एक शब्द न बोलता तू गेलास.

तेव्हापासून याडी माझ्या हातचा चहा घेत नाही. स्वतः चूल पेटवते. मला काही सांगायचं झालं तर शेळीला सांगते. पाणी आणायचंय गं, असं शेळीला, आणि हंडा मी उचलायचा. सुरुवातीला मला हसू यायचं. मी सहन केलं, कारण वाटलं तू येशील आणि सांगशील. मग तू नोकरी सोडलीस. मूल्यांचा प्रश्न म्हणून सोडली असं लिहिलंस, चांगलं लांबलचक लिहिलंस. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, बापू कुठं येतात ते बघायला. ते कुठंच नव्हते.

अनोळखी नंबर न वाजू देणारं तुझं ते अजून सगळ्यांच्या फोनवर चालू आहे का रे? निघताना तू त्यांना काही सांगितलंस का? मीटिंगमधल्या त्या बाईला तरी?

मला तुझा राग आहे. तुझी आठवणही येते. दोन्ही एकाच वेळी येतात आणि मग भाकरी करपते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की परवा इस्माईलभाई तांड्यावर आले होते, याडीची गादी नव्यानं भरून घेऊन. पैसे घेतले नाहीत. चहा घेताना सहज बोलून गेले, "फोन बंद हाय असं न्हाई म्हनत व्हता मावशी. रिंग पुरी जात व्हती, मी सोता ऐकली." याडीनं कप खाली ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून बोलली. आपल्या बोलीत बोलली, मी मराठीत लिहिते.

"मग वाजला काहून न्हाई, निलम?"

खोटं मला पुन्हा सुचलं होतं. आवाज माझ्याकडून बंद झाला होता, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "ते देविदास सांगंल."

तेव्हापासून ती विचारते, देविदास कधी येणार. शेळीला नाही, मला विचारते. तिला वाटतं, तुझ्याकडं काहीतरी मोठं शास्त्रातलं कारण असेल. मी आता मध्ये पडणार नाही. तुझ्या वाटचं मी वर्षभर उचललं, आता हात दुखतात. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी बापूंचं वर्ष आहे. ये. तिच्यासमोर बस, आणि लिहितोस तसलं नको, साधं सांग. ती मारेल कदाचित, रडेल नक्की. पण तुला ती मनातून बाहेर काढणार नाही, एवढं मी तिला ओळखते.

निघालास की फोन कर. तुझा बंद पडला तर जीपवाल्याच्या, चहावाल्याच्या, कुणाच्याही फोनवरून कर. मी आता सगळे उचलते. कर्जवाले, विमेवाले, लबाड, सगळे. नंबर अनोळखी असला की याडी हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघत राहते, आणि माझ्या तोंडून हॅलोच्या आधी अजून 'हां बापू' निघतं. मागं एक पोरगा पलीकडून फसवायलाच बसला होता. ते ऐकून त्यानं हळूच फोन ठेवला.

तू ठेवू नकोस.

वाट बघणारी,
तुझी ताई
निलम