मेचा पेटली

प्रिय एर्मेलिंदा,

तू पाठवलेलं शेंगदाण्याचं सूप मिळालं. भांडं परत द्यायला दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो आणि माघारी फिरलो. शेजारणी तुला सांगत असतील, भाऊ खचलाय म्हणून. खचलोय खरा, पण त्यांना वाटतं त्या कारणानं नाही.

तुझा आबेल पहिल्यांदा आपल्या घरी आला, तेव्हा त्याच्या कपाळावरची बट पाहून आईनं विचारलं होतं, "ही मेचा कधी पेटवायची रे?" तो कानापर्यंत लाल झाला आणि तू तोंड दाबून आत पळालीस. आपल्याकडे केसांची बट मेचा, मेणबत्तीची वात मेचा आणि सुरुंगाची वातही मेचाच. खाणीत आम्ही दिवसभर हा शब्द वापरतो. कोण कशाबद्दल बोलतंय ते न सांगता कळतं. त्या मंगळवारी कळलं नाही.

जुन्या बोगद्यात हवा खराब असते. म्हणून मी मेणबत्ती घेऊन पुढे जायचं आणि वात नीट जळली तर आबेलनं मागून अवजारं आणायची, असं ठरलं होतं. वात नीट जळली. पण सुरुंगाची दारू आदल्या दिवशीच ठासून ठेवलेली होती आणि मला घाई झाली. तो येण्याआधी एक बार उडवून घेऊ म्हणून मी सुरुंग पेटवला. तेवढ्यात वळणापलीकडून तो ओरडला, "मेचा पेटली का?"

"पेटली!" मी म्हणालो आणि दुसऱ्या बाजूच्या नव्या बोगद्यानं बाहेर धावलो. मला म्हणायचं होतं, तिथंच थांब. त्यानं ऐकलं ते, हवा चांगली आहे, ये.

नंतर सगळे म्हणाले, बाजारातल्या दुकानदार डोन एव्हारिस्तोनं आम्हाला जुनी, झरझर जळणारी वात विकली. मी गप्प राहिलो. आबेलला पुरताना तू त्या म्हाताऱ्याच्या अंगावर थुंकलीस, तेव्हाही मी तुझा दंड धरून गप्प उभा होतो. लोकांनी त्याचं दुकान फोडलं. आज चार वाजता आपल्या खाणकामगार मंडळाची सभा त्याला बाजारातून हाकलणार आहे. त्याची वात चांगली होती गं. जळायची तेवढा वेळ जळली.

मी सभेत उभा राहून हे सांगणार आहे. शब्दाचा घोटाळा झाला म्हटलं तर लोक मला सोडून देतील, तूही रडून जवळ घेशील. ते मला सोसणार नाही, म्हणून उरलेलं आधी तुला लिहितोय. माझ्या "पेटली" नंतर आबेल म्हणाला, "येतो." मला ते स्वच्छ ऐकू आलं. मागे वळून वात खेचायला वेळ होता. निदान एक हाक मारायला तरी होता. पण मी पळत होतो आणि पळतच राहिलो.

तू म्हणू देशील तर तुझाच,
कासियानो