पुसायचं नव्हतं ते

प्रिय रविराज,

सोमवारी त्र्यंबकला जाऊन तुझ्या नावानं बेल वाहिला. अंगारा पाकिटात घातला आहे. फोनवर तू दोन शब्दांत आटपतोस, म्हणून लिहिते.

तुझा जुना कॉम्प्युटर अजून चालतो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झाल्यापासून अण्णा त्याच्यापुढेच असतात. दिवाळीच्या पाडव्याचा तुमचा अर्धा राहिलेला डाव त्यांनी त्यात मांडला आहे. तू घोडा पुढे दिलास आणि ते म्हणाले, 'फुकट घालवलास, बँकेची नोकरी घालवलीस तसाच.' तू पटावरून उठलास तो थेट पुण्याला, नोकरी सोडून काढलेल्या तुझ्या बुद्धिबळाच्या क्लासकडे. तेव्हापासून कॉम्प्युटरमधल्या बुद्धिबळाच्या इंजिनाला ते रोज तोच डाव विचारतात. उत्तर त्यांच्याच बाजूचं यायचं. मग मला ऐकवायचे, 'बघ, मशीनसुद्धा सांगतंय तुझ्या लेकाचं काय ते.' मी पोळ्या लाटत राहायचे.

पण ते चालायचं फार हळू. अण्णांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून सेटिंगचं काम माझ्याकडे. शेजारची तेजल कॉम्प्युटर शिकते, तिला विचारलं. इंजिनाला मेमरी सोळाच एमबी दिलेली होती. मी म्हटलं, इथे चिकटपणा नको, आणि होती नव्हती ती चारही जीबी देऊन टाकली. सगळंच बंद पडलं. तेजल म्हणते, 'काकू, कॉम्प्युटरला स्वतःच्या पानात काही ठेवा की!' मग एक जीबीवर आणलं.

तरी फरक पडेना. परवा तेजल शेजारी बसली होती. तासाभरानं मशीन तापतं म्हणून मी ते थांबवलं आणि नेहमीसारखं 'क्लिअर हॅश'चं बटण दाबलं. ती ओरडलीच, 'अहो काकू, हे काय केलंत?' कालचं निर्माल्य काढल्याशिवाय मी देवाला नवं फूल वाहत नाही. तसंच इथेही साफ करून द्यावं, एवढंच मनात. तिनं समजावलं, इंजिन शोधून काढलेलं सगळं तिथेच ठेवतं. ते पुसलं की बिचारं पुन्हा पहिल्यापासून. आठ महिने मी दर तासाला पुसत होते, आणि ते जवळच्याच खेळ्या बघून अण्णांना बरोबर ठरवत होतं.

मग त्या बटणाला मी हात लावला नाही. काल दुपारी इंजिनाचा आकडा फिरून तुझ्या बाजूचा झाला. तुझा घोडा घेतला, तर पंधरा-सोळा खेळ्यांनी अण्णांचा राजा कोंडला जातो. अण्णांनी त्या खेळ्या पुन्हा पुन्हा चालवून बघितल्या. चहा निवला. शेवटी म्हणाले, 'एवढं लांबचं त्याला तेव्हाच दिसत होतं होय गं?'

आज सकाळी त्यांनी माळ्यावरून पट काढून डाव तसाच मांडला, आणि हरणार हे माहीत असून तुझा घोडा घेतला. मला म्हणाले, 'तूच लिही. माझा फोन तो उचलायचा नाही.' आठ महिने त्यांच्या हट्टाला माझ्याच हातानं बळ मिळालं, तेव्हा राग धरायचा तर माझ्यावर धर. पुढची खेळी तुझी आहे. ती फोनवर सांगू नकोस, येऊन कर. पट देवघरासमोर आहे. धूळ बसली तरी मी पुसणार नाही.

तुझीच, वाट बघणारी,
आई